मधली दोन बोटं

बदनापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन होतं. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बाया हातात फोटो घेऊन यायच्या. कुणी मासिकातून कापलेला, कुणी कॅलेंडरचा, एकीनं तर साबणाचं खोकंच आणलं होतं. फोटोत कुठली तरी नटी, तिचा खोल गळ्याचा ब्लाऊज, आणि गळ्याखाली ती मधली रेघ. बाई बोट ठेवायची ब्लाऊजवर, नजर मात्र रेघेवर. मी तोंडावरच सांगायची, "ताई, गळा असाच शिवून देते, बाह्या अशाच देते. पण आतली बाई मला शिवता येत न्हाई." काही हसायच्या. काही फुगायच्या. एक तर मापाचा ब्लाऊज उचलून तणतणत निघून गेली आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप परत आली.

अशी मी शहाणी. आणि या शहाणीनं पुढं काय केलं ते ऐका.

माझं माहेर वाटूरजवळचं. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला मी आठवीत होते. माझी डावी बाजू भरायला लागली आणि उजवी जागची हललीच नाही. माय म्हणायची, "येईल गं. कोणाचं आधी येतं, कोणाचं मागून." वर्ष गेलं, दुसरं गेलं, मैत्रिणींचं सगळं येऊन बसलं. माझी उजवी बाजू पोराच्या छातीसारखी सपाट. मायनं तेल चोळलं, कसले कसले लेप लावले, एका म्हातारीनं सांगितलेला काढा पाजला. काढ्यानं जुलाब तेवढे झाले.

शेवटी एक दिवस तिनं घरात पडलेल्या कापसाच्या ढिगातून दोन मुठी कापूस घेतला आणि दाराआड बसून त्यातली सरकी एक-एक करून काढली. धोतराच्या मऊ फडक्यात तो कापूस भरून तिनं छोटीशी गादी शिवली आणि माझ्या शाळेच्या ब्लाऊजमध्ये आतून टाचली. तेव्हापासून दरवर्षी नवा कापूस घरात आला की पहिली गादी माझी. घरात बाकी कुणाला पत्ता नव्हता. बापाला तर बिलकुलच नाही.

एका वर्षी घाईत एक सरकी आत राहून गेली. शाळेत कवायत चालू होती आणि प्रत्येक वेळी हात वर केला की ती टोचायची. मी दाबून धरते, परत हात वर, परत टोचते. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "छातीत दुखून राह्यलं का तुझ्या?" पोरं फिदीफिदी हसली. मी जी पळाले ती थेट शेतात मायजवळ. तिनं ती सरकी काढून हातावर घेतली, आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. मला तिचा राग आला. रडायचं तर मी होतं ना!

त्याच साली रामनवमीला ती मला जांबला घेऊन गेल्ती, समर्थांच्या गावाला. रामासमोर डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?"

"म्हणलं, माझ्या पोरीचं बराबर कर."

"काय बराबर कर?"

"शी! देवाला असं फोडून सांगत असतात का? त्याला समजतं."

"अन् न्हाई समजलं तर?"

पाठीत एक धपाटा बसला. पण मला आतून वाटत होतं, रामाला काहीही समजलेलं नाही. माय लाजली, तिथंच सगळं बिनसलं.

मी शिवण शिकले ती एवढ्यासाठीच, की कुठल्या टेलरनं माझं माप घेऊ नये. लग्न होऊन बदनापूरला आले तेव्हा मशीन सोबत आणलं. हळूहळू गावातल्या बायांची छाती माझ्या टेपखालून गेली आणि मला कळलं की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात. फरक असतोच. पण थोडा असतो, तो शिवणीत लपून जातो. म्हणून ब्लाऊज कापताना आम्ही कापड दुमडतो, वरून खडूनं पुढच्या एकाच भागाचं माप आखतो आणि दोन्ही थर एकदम कापतो. उघडलं की डावा भाग आणि उजवा भाग तयार. झटक्यात काम.

माझ्या स्वतःच्या ब्लाऊजला हे चालत नव्हतं. डावा भाग वेगळा आखायचा, वेगळा कापायचा. उजवा वेगळा. दाराला कडी लावून हे काम करायचं. उजव्या भागात मायची गादी टाचायची, अस्तरावर अस्तर लावायचं, तरी संध्याकाळपर्यंत हुकपट्टी उजव्या काखेकडे सरकलेली असायची. हळदीकुंकवाला गेले की दर पाच मिनिटांनी पदर ओढायचा. गावभरच्या बाया माझ्याकडून ब्लाऊज शिवून मिरवायच्या आणि शिवणारीचा ब्लाऊज वाकडा. याची मला चीड यायची. दुसऱ्या कुठल्या गोष्टीनं मी एवढी कधी जळले नाही.

नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळी यायचा. माणूस भला. लग्नानंतर त्याला कळलं तेव्हा एवढंच म्हणाला, "मला काय फरक पडत न्हाई." ते ऐकून मी किती तरी वर्षं खूश होते. दोन लेकरं झाली, दोन्ही एकाच बाजूच्या दुधावर वाढली. आणि मग एक दिवस, भाकरी थापता थापता, माझं मलाच कळलं की मी खूश नाही.

"तुम्हाला फरक पडत न्हाई, बरं झालं," मी म्हणाले. "पण ब्लाऊज मी घालते."

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. माझ्याकडे शिवायला येणारी एक नर्सबाई होती. तिनं सांगितलं की औरंगाबादला एक डॉक्टर हे ऑपरेशन करतात, आत सिलिकॉनची पिशवी बसवतात. इम्प्लांट म्हणतात तिला. मी दोन रात्री नीट झोपले नाही आणि तिसऱ्या सकाळी नवऱ्याला सांगून टाकलं.

"आजार न्हाई, काही न्हाई, अन् ऑपरेशन?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगून राह्यलं?"

"अन् काही कमीजास्त झालं तर?"

"होऊ दे. मी जाणार म्हणजे जाणार. खर्चा माझ्या शिलाईतून. तुम्ही फक्त सोबत चला, अन् तेवढं पण जमत नसंल तर मी एकटी जाते."

सोबत आला. दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून राहिला, आत यायला लाजत होता.

आता माझा शहाणपणा बघा. डॉक्टरांनी तपासलं, तिथली नर्स बाजूला उभी होती, आणि मग ते म्हणाले, "ताई, तुमची अपेक्षा काय आहे ते सांगा." मी पर्स उघडली आणि काय काढलं? फोटो! मासिकातून कापलेला, घडी घातलेला, नटीचा फोटो. हातात धरल्यावर मला माझीच लाज वाटली, पण तोवर टेबलावर ठेवून झाला होता.

डॉक्टरांनी फोटो पाहिला, हसले नाहीत. म्हणाले, "उजवीकडे मोठी पिशवी, डावीकडे लहान, असं करून दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या करता येतील. उन्नीस-बीस राहील. पण ही मधली रेघ, हिला क्लीव्हेज म्हणतात, ती अशी येणार नाही."

"का न्हाई येणार?"

त्यांनी स्वतःच्या छातीच्या मधोमध हाडावर दोन बोटं जोडून उभी ठेवली. "हे हाड तुमचं रुंद आहे. स्नायू या हाडाच्या कडेला चिकटलेले असतात. पिशवी त्या स्नायूखाली बसते, म्हणून ती हाडावर येऊ शकत नाही. मध्ये दोन बोटं जागा राहणार. जन्मापासून आहे, नंतरही राहील."

"तिथला स्नायू थोडा कापून घ्या मंग."

"कापला तर दोन्ही पिशव्या मध्ये सरकतात, मधली चामडी हाडावरून उचलली जाते आणि दोन्हीचं मिळून एक होतं. ते दुरुस्त करणं फार अवघड. मी ते करत नाही."

मला राग आला. मी म्हणाले, "साहेब, मी टेलर आहे. बाजूनं कापडाला चिमटा घेऊन एक टक्स जास्त घातला की बाईचं सगळं मधे येतं. मी कापडानं करते, तुम्हाला कात्री घेऊन जमत न्हाई?"

"तुम्ही टक्स घालता तेव्हा ब्लाऊज धरून ठेवतो," ते शांतपणे म्हणाले. "या फोटोतल्या बाईचा ब्लाऊज काढला तर हिचीही रेघ जाईल. मी ब्लाऊजच्या आतलं करतो, ताई. ब्लाऊज तुमचं काम." आणि फोटो माझ्याकडे सरकवून पुढं म्हणाले, "फोटोसारखा गळा शिवता येईल. फोटोतली बाई मला नाही बनवता येत."

अरे देवा! माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. मी फोटोची घडी घालून तो परत पर्समध्ये टाकला.

"रेघ हवी म्हणून करणार असाल तर करू नका," ते म्हणाले. "पैसे जातील आणि मन भरणार नाही. दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणून करायचं असेल तर विचार करून या. आणि हे आयुष्यभराचं नसतं, पुढंमागं पिशवी बदलावी लागू शकते, तेही लक्षात घ्या."

परतीच्या गाडीत मी नवऱ्याकडे पाठ करून डोळे मिटून बसले. त्याला वाटलं, बला टळली. बदनापूर आलं, फलाटावर उतरले आणि म्हणाले, "मी ऑपरेशन करून घेणार. सारखं करायचंय मला. रेघ गेली उडत."

तोंडानं म्हणाले खरी. फोटो मात्र फेकला नाही, पर्समध्येच होता.

ऑपरेशन झालं. शेजारपाजारी सांगितलं, गाठ काढली. गाठ म्हटलं की बाया पुढचं विचारत नाहीत, नुसतं च्च च्च करतात. वाटूरहून माय आली. आता पन्नाशी-साठीची बाई, तिला ऑपरेशन म्हणजे काय कळणार? तिनं ते बाळंतपणच करून टाकलं. डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, कानाला रुमाल. दुसऱ्याच दिवशी निखारे भरलेली शेगडी घेऊन आली शेक द्यायला. "न्हाई म्हणजे न्हाई," मी ओरडले, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं की तिथली चामडी काही महिने बधिर राहील, भाजलं तरी कळणार नाही. माय पुटपुटत शेगडी घेऊन गेली.

शेकाला मी नाही म्हणाले. तेवढीच अक्कल होती.

डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की सुरुवातीला दोन्ही वर चढलेले दिसतील, कडक लागतील, एकमेकांपासून लांब वाटतील. खाली बसायला तीन महिने लागतात, तोवर आरशात बघून निकाल लावू नका. मी काय केलं? पट्टी सुटली त्या दिवशी आरशासमोर उभी राहिले. दोन्ही बाजू होत्या! उजवी बाजू होती! पण मला ती दिसलीच नाही हो. मला मधली जागाच दिसली. दोन बोटं कसली, चार बोटं वाटत होती. मी रडायला लागले.

माय म्हणाली, "रडू नको. बांधून टाकू."

आमच्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात. जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा घट्ट गुंडाळायचा, सव्वा महिना ठेवला की पोट आत जातं. मायनं माझ्या दोन्ही बाळंतपणांत बांधलं होतं आणि चांगलं बसलं होतं. तिचा हिशोब साधा होता. "पोट बसतं, मंग हे का न्हाई जवळ येणार? अजून ओलं हाय, जल्दी बांधू." आणि मी, टेलर, मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्यात सुधारणा केली. लुगड्याचा पट्टा सरकतो म्हणून माझ्या हातानं त्याला दोन्ही काखांकडून टक्स घातले, मागं बंद लावले. सगळा जोर बाजूनं मध्ये. मायनं पाठीवर गुडघा टेकून बंद आवळले. आरशात पाहिलं तर मधे रेघ! बारीक, पण रेघ. आम्ही मायलेकी हसलो.

पाच-सहा दिवस मी तो पट्टा सोडला नाही. मग उजवीकडे खालून ठणका सुरू झाला. टाक्यांच्या जागी लाली आली, अंग कणकणलं, आणि मधली चामडी हाडावरून किंचित फुगलेली दिसली. मला डॉक्टरांचे शब्द आठवले, दोन्हीचं मिळून एक होतं. मायला घेऊन मी पहिल्या गाडीनं औरंगाबाद गाठलं.

डॉक्टरांनी पट्टा पाहिला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "हे कुणी बांधलं?"

"म्या बांधलं," माय पुढं होऊन म्हणाली. "पोरीला काही बोलू नका."

"शिवलं मी," मी म्हणाले.

त्यांनी पट्टा हातात घेतला, टक्स पाहिले आणि बाजूला टाकला. मग जे सांगितलं ते सरळ सांगितलं. टाके ओढले गेलेत, आत पाणी जमलंय. औषध देतो. लाली उतरली तर वाचलं. पसरली तर उजवी पिशवी काढावी लागेल, आणि मग कितीतरी महिने काही करता येणार नाही, कदाचित नंतरही नाही.

म्हणजे उजवी बाजू परत सपाट. वरून व्रण. परत मायची गादी.

घरी येताना माय गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि जमत नव्हतं, कारण रेघ तिला नको होती, मला हवी होती. तिनं सगळं आयुष्य माझ्यासाठी सरकी काढली होती. तिला फक्त बराबर पाहिजे होतं. बराबर तर झालं होतं! आणि मी त्याला लुगड्यानं आवळून मारायला निघाले होते.

त्या दिवशी मी घरात शिरल्या शिरल्या पर्समधून फोटो काढला आणि त्यात ब्लाऊजचे हुक बांधून पुडी केली. नंतर कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या कामाला ते हुक वापरून टाकले, कागद चुलीत गेला. मशीनवर चादर टाकली. डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर नेऊ नका म्हटलं, नेला नाही. उताणी झोपा म्हटलं, उताणी झोपले, पाठ लाकूड झाली तरी. आरशावर नवऱ्याचा टॉवेल टांगला. मायनं वेणी घातली, नवऱ्यानं पाणी भरलं, लेकरांनी भांडी घासली. मी रोज सकाळी उठून एकच गोष्ट बघायची, लाली. आणि मनात एकच म्हणायची: ही ठेवायची. रेघ नको, काही नको, ही माझी हाय, ही ठेवायची.

लाली आधी थांबली. मग उतरायला लागली. डॉक्टर दर खेपेला हातानं दाबून बघायचे. एका खेपेला म्हणाले, "राहील." मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं आणि तो सगळ्या पेशंटांसमोर मोठ्यानं "वा!" म्हणाला. हाच तो, ज्याला फरक पडत नव्हता.

तीन महिन्यांनी सगळं खाली बसलं, मऊ झालं. टॉवेल काढून आरशासमोर उभी राहिले. मधे दोन बोटं जागा. डॉक्टरांनी दाखवली तेवढीच, तिथंच. मी बोटं ठेवून बघितली. हाताला हाड लागलं, माझं हाड, आईच्या पोटातून आणलेलं. वाईट वाटलं का? खरं सांगते, थोडं वाटलं. नंतर माझं मलाच हसू आलं. हुकपट्टी बसवायला एवढी सपाट, सरळ जागा माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकाला नव्हती.

मशीन चालवायची परवानगी मिळाली त्या दिवशी माय परत आलेली होती. तिच्या पिशवीत चिंचा, ज्वारीचं पीठ, आणि खाली फडक्यात बांधलेला कापूस. सरकी काढून आणला होता. सवय! तिच्या लक्षात आलं तेव्हा ओशाळून तिनं तो परत पिशवीत कोंबला.

मी ट्रंकेतून एक हिरवा खण काढला, ओटीत आलेला, कितीतरी वर्षं तसाच पडलेला. दार उघडंच होतं. माझं माप मायनं घेतलं, टेप धरायला मी शिकवलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. उन्नीस-बीस होतंच. तेवढं शिवणीत जाणार होतं. मी कापड जमिनीवर अंथरलं आणि दुमडलं. घडीवर हात फिरवला. खडूनं एकाच भागाचं माप आखलं. कात्री घेतली आणि हात थांबला. दहा हजार ब्लाऊज कापले असतील, असा हात कधी थांबला नव्हता.

"काय झालं?" माय म्हणाली.

"काही न्हाई."

कापलं. एकाच कात्रीत, दोन्ही थर. मुंढ्यापासून खालपर्यंत.

मायनं ते दोन तुकडे उचलले. एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, चिमटीत धरून सगळीकडून फिरवून बघितल्या, कापसात सरकी राहिली का बघायची तशा. मग परत एकदा बघितल्या. तिचे डोळे भरले होते, पण या वेळी तिनं पदर लावला नाही.

"बराबर हाय," ती म्हणाली.

मग तुकडे माझ्या मांडीवर ठेवून, डोळे पुसत म्हणाली, "ब्लाऊज झाला की आपण जांबला जाऊन येऊ. त्या येळी मी नीट बोलले न्हवते. आता सांगते त्याला, काय मागितलं होतं ते."